पाहुण्या पेटीवरचं कुंकू

आमच्या प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर दोन पेट्या शेजारी शेजारी असायच्या. एक आमची, एक मित्रदेशाची. दोघींचं काम एकच होतं: बर्फातल्या ठाण्यावरच्या जवानाचं बोलणं असं गुंडाळून पाठवायचं, की मधेच कुणी ऐकलं तर त्याला नुसती खरखर ऐकू यावी. मित्रदेशाची पेटी सुबक आणि हलकी होती. तिच्या सांध्यावर नखाएवढं चंदेरी सील होतं. आमची जरा बोजड होती आणि तिच्या झाकणाला नाण्याने फिरतील असे मोठे स्क्रू होते.

ते स्क्रू हा सरांचा हट्ट. सर म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख. ग्वाल्हेरकडून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या दिल्लीत राहिलेल्या मराठी घरातले. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली होती, की सुरुवातीला मला ते कोणत्या भाषेत रागावतायत तेच कळायचं नाही.

"वरती त्या मुलाच्या हातात जाड हातमोजे असतात यार," ते म्हणायचे. "स्क्रूड्रायव्हर कुठून आणेल तो? पण खिशात एक सिक्का तर असेलच ना? झाकण उघडलं, बिघडलेलं सर्किट-कार्ड काढलं, दुसरं घातलं. बस. कुणाला विचारायला नको."

आणि मग जून महिन्यात, एसी बंद पडलेल्या खोलीत, ते मला लोकरीचे हातमोजे घालायला लावून झाकण उघडायला सांगायचे. नाणं हातातून सटकून टेबलाखाली घरंगळत जायचं.

"बिल्कुल नाही जमलं. पुन्हा."

"सर, मला घाम येतोय, म्हणून सटकतंय."

"त्याला थंडी वाजत असेल. पुन्हा."

या माणसाने मला घेतलं नसतं तर मी आज कुठे असते, ते मला नक्की सांगता येतं. मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि लग्नसराई संपली की कपड्यांना इस्त्री करायचे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. दिल्लीला मुलाखतीला आले तेव्हा समोरच्या साहेबांच्या इंग्रजीपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटली. उत्तर माहीत होतं, पण ते बाहेर येईना. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सरांनी एकदम मराठीत विचारलं, "बेटा, तुमच्याकडे खंडेनवमीला काय पूजतात?"

"क्लॅरिनेट," मी म्हणाले.

ते खळखळून हसले. "आणि आम्ही सोल्डरिंग आयर्न. चल, आता सर्किट समजाव. मराठीतच समजाव."

त्या दिवसापासून आमची पेटी माझीही झाली.

काही वर्षांनी दोन देशांत करार झाला. जवळीक वाढली. टीव्हीवर हस्तांदोलनं दिसू लागली आणि आमच्याकडे ती पाहुणी पेटी आली. शेजारी ठेवून तपासणी करायची होती. थंडीत कोण टिकतं, कोणाचा आवाज स्वच्छ येतो, बॅटरी किती पुरते, हे सगळं बघून समिती ठरवणार होती की फौजेने काय घ्यायचं. आमची पेटी पास झाली तर आमच्याच कारखान्यात बनणार. नाहीतर आमचा गट मोडणार आणि सरांचं काम कपाटात जाणार. हे आम्हाला पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगितलं होतं.

पाहुण्या पेटीची अट एकच होती: उघडायची नाही. बिघडली तर त्यांच्या देशात पाठवायची. त्यांचा अधिकारी मधूनमधून येऊन सील बघून जायचा.

ती पेटी वाईट नव्हती, हे मला लिहायलाच हवं. चांगली होती. काही बाबतींत आमच्यापेक्षा सरस होती. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे आणि त्या वर्षी तो डोंगरातच होता. त्याच्या युनिटला तसलेच काही परदेशी संच तात्पुरते मिळाले होते. फोनवर आम्ही पेटीला डबा म्हणायचो, कारण जास्त बोलायची परवानगी नव्हती.

"ताई, तुमचा डबा कधी येणार?"

"येतोय. चाचण्या चालू आहेत."

"मी रिटायर झाल्यावर येईल बहुतेक," तो हसायचा. "तोवर हा परदेशी पाहुणा चालतोय. चालतोय ना, मग कुठून आला त्याचं मला काय? आवाज पोचला पाहिजे."

त्याचं खोटं नव्हतं. शेजार तसा, सीमा तशी, आणि पैसा एकाच थैलीतला. त्यातूनच जवानाचे बूट, त्यातूनच विमानं, त्यातूनच आमची सोल्डरिंगची तार. मित्र नकोतच असं म्हणणारा माणूस मला शहाणा वाटत नाही. पण माझ्या मनात एक जुनी गोष्ट होती, आणि मी ती एकदा जेवताना सरांना सांगितली. आमच्या गल्लीत नळ एकाच घरी होता. ती माणसं चांगली होती, कधी नाही म्हणाली नाहीत. पण त्यांच्या दाराशी गेलं की आईचा आवाज बदलायचा. घरी वडिलांशी तावातावाने भांडणारी आई तिथे इतकी मऊ बोलायची, की मला ती दुसरीच कुणी बाई वाटायची. त्यांच्या मुलाने माझी पाटी फोडली तेव्हाही ती हसून म्हणाली, "असू दे, लहान आहे."

सर घास हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "अच्छा. म्हणून तू एवढा जीव लावून काम करतेस." आणि पुढे कितीतरी बैठकांमध्ये ते वरिष्ठांना सांगायचे, "साहब, नल अपने आँगन में भी एक होना चाहिए." वरिष्ठांना त्यातलं काहीच कळायचं नाही.

खंडेनवमी आली. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आमच्याकडे पूजा आदल्या दिवशी व्हायची आणि ती सर स्वतः करायचे. सगळी यंत्रं पुसून ठेवलेली, टेबलावर झेंडूच्या माळा, पक्कड, पाने, सोल्डरिंग आयर्न ताटात मांडलेलं. हरयाणाचा आमचा सहकारी याला मराठी पूजा म्हणायचा आणि त्याचं सगळं लक्ष पेढ्यांवर असायचं. तमिळ सहकारी दरवर्षी सांगायचा की ही मुळात आमची पूजा आहे, तुम्ही पळवली.

"पळवली तर पळवली, तू फुलं आण," सर म्हणायचे.

मी ताट धरलं होतं. सर ओलं कुंकू अनामिकेवर घेऊन एकेका यंत्राला लावत पुढे जात होते. आमच्या पेटीला लावलं. मग पाहुण्या पेटीपाशी क्षणभर थांबले.

हरयाणवी सहकारी म्हणाला, "सर, इसको भी?"

"पाहुण्याला वगळायचं?" सर मराठीत म्हणाले, आणि तिलाही टिळा लावला. वर एक झेंडूचं फूल ठेवलं. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मला आठवतं, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. आपण कुणाचा दुस्वास करत नाही, असं काहीतरी.

कुंकू जरा जास्तच ओलं होतं. सुट्टी संपवून परत आलो तेव्हा त्याचा एक ओघळ सांध्यावरून उतरून सीलच्या कडेला वाळलेला दिसला. सरांनी पाहिला आणि प्रयोगशाळेत कुठल्याही डागाचं जे करतात तेच केलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसलं. वर्षानुवर्षांची सवय ती. हाताला विचार करावा लागत नाही.

स्पिरिट लागताच चंदेरी पट्टीचा रंग गेला आणि तिच्यात इंग्रजी अक्षरं उमटली. "उघडलेले."

सरांनी बोळा तसाच हातात धरला होता. तो खाली ठेवून ते म्हणाले, "खरं ते सांगू. आपण काय चोर आहोत?"

त्यांनी त्याच दिवशी वर कळवलं. मित्रदेशाचा अधिकारी आला. तरुण होता, अतिशय सभ्य. पेटीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. सरांनी त्याला पूजा समजावून सांगितली. शस्त्रं, अवजारं, त्यांचा मान, वर्षातून एकदा त्यांना विश्रांती. इंग्रजीत ते सगळं किती विचित्र वाटत होतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तो हसला नाही. शिल्लक राहिलेला पेढाही त्याने आवडीने खाल्ला.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण मला काय वाटतं ते लिहायला माझ्या अहवालात जागा नाही. सीलची स्थिती लिहायला आहे."

पाहुणी पेटी तो घेऊन गेला. चाचण्या थांबल्या.

मग आमच्याच वरिष्ठांनी बोलावलं. मी सरांसोबत गेले होते. साहेबांनी आधी चहा मागवला, मग म्हणाले, "तो आपने मित्र राष्ट्र के डिब्बे को सिंदूर लगाया. बारात भी निकालनी थी." बाजूचे दोघे हसले. सर हसले नाहीत. साहेबांचा आवाज उतरला. पुढे मोठी बोलणी चालू आहेत, ते म्हणाले, विमानांची, इंजिनांची. अशा वेळी मित्रदेशाच्या मनात शंका नको. त्यांचं म्हणणं एवढंच आहे, की तुम्ही त्यांची पेटी उघडून काही उचललेलं नाही याची खात्री पटावी. त्यांच्या तज्ज्ञांना आपली पेटी आतून बघू द्या. खात्री पटली की पाहुणी पेटी परत येईल, चाचण्या पुन्हा सुरू होतील.

सरांनी विचारलं, "त्यांची आपण उघडायची नाही. आपली त्यांना उघडून दाखवायची?"

"शंका त्यांना आली आहे. तुम्हाला नाही."

"आणि आतलं एकदा बाहेरच्याने बघितलं, तर आपल्या गुप्ततेच्या मंजुरीचं काय होईल?"

"ते आम्ही बघून घेऊ."

"असं लिहून द्याल?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपण इथे एकाच बाजूला आहोत ना?"

लिहून काही मिळालं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही एकाच मेट्रो स्टेशनवर होतो. मी द्वारकेला जाणारी, सर मयूर विहारला. एकाच निळ्या लाइनच्या दोन उलट दिशा. त्यांची गाडी आली आणि ते चढले नाहीत. दुसरी आली, तरी चढले नाहीत. मी माझीही गाडी सोडली. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी धावत होती.

"नाही म्हणालो," ते म्हणाले, "तर चाचण्या होणारच नाहीत. पेटी इथेच पडून राहील. हो म्हणालो तर निदान रस्ता उघडा राहतो." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझा भाऊ आत्ता कुठे आहे?"

"वरतीच आहे, सर."

"हं."

मी त्यांना सांगायला हवं होतं का, की माझ्या भावाचा विचार करू नका? पण मला खरंच वाटत होतं की त्यांनी त्याचा विचार करावा. त्या नाण्याच्या स्क्रूपासून सगळं त्याच्यासारख्यांसाठीच तर होतं.

"दाखवतो उघडून," सर म्हणाले. आणि पुढच्या गाडीत चढले.

तज्ज्ञ आले त्या दिवशी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमची पेटी मधोमध ठेवली. कुणीतरी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. सरांनी तो बाजूला सारला, खिशातून नाणं काढलं आणि झाकण उघडलं. तज्ज्ञांतल्या एका वयस्कर माणसाने ते पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "वा, हे फार छान आहे." मग त्यांनी कार्डांचे फोटो काढले, आराखडे पाहिले, प्रश्न विचारले. सर उत्तरं देत होते. आपल्या कामाबद्दल इतक्या जाणकार माणसांनी इतकं बारकाईने विचारणं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मधे मधे त्यांचा आवाज रंगायचा, आणि मग त्यांना आठवायचं की आपण काय करतोय, आणि तो आवाज बसायचा. मला तेव्हा शेजारच्या दाराशी उभी असलेली आई आठवली आणि मी खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांचा अहवाल चांगला आला. आमच्या पेटीत त्यांचं काहीही नव्हतं. काम स्वतंत्र आणि कल्पक आहे, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही पेढे वाटले.

चाचण्या सुरू होण्याची वाट बघत असताना आमच्याच दुसऱ्या एका कार्यालयाचं पत्र आलं. गुप्त संदेशाच्या साधनांना मंजुरी देणारं ते कार्यालय. त्यांचा नियम साधा होता: ज्या साधनाची आतली रचना परक्या देशाने पाहिली आहे, ते फौजेला देता येणार नाही. नियम योग्यच होता. मी त्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं. साहेबांना भेटलो तर ते म्हणाले, ते खातं आमच्या हातात नाही. शिवाय त्या वर्षीचा पैसा मित्रदेशाच्या पेट्यांसाठी ठरून गेला होता. जवानांना थांबवून ठेवता येत नव्हतं. तेही योग्यच होतं.

हेच मला अजून पेलत नाही. या सगळ्यात मला एकही माणूस खोटा सापडत नाही, ज्याच्यावर राग काढावा. तो सभ्य अधिकारी, ते दुसरं कार्यालय, अगदी ते साहेबसुद्धा. ज्याने त्याने आपापल्या जागी बरोबर ते केलं, आणि आमच्या अंगणातला नळ बुजला.

गट मोडला. सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. मला दुसऱ्या विभागात घेतलं, पगार वाढला, घरी पैसे जास्त पाठवता येऊ लागले. बाबांना बँड सोडायला लावला. मी कृतघ्न नाही. या देशाने माझ्यासारखीला शिकवलं, खुर्ची दिली. पण आता माझं काम म्हणजे आलेल्या परदेशी पेट्यांची खोकी मोजून सील बघणं. त्यांना कुंकू लावू नये, असं दारावर लिहिलेलं आहे.

यंदा खंडेनवमीला मी सरांच्या घरी मयूर विहारला गेले. पाटावर विळी, कात्री, काकूंची शिवणाची सुई आणि सरांचं जुनं सोल्डरिंग आयर्न होतं.

"हे आयर्न कशाला यात?" काकू म्हणत होत्या. "घरात काय जोडताय तुम्ही? माझा मिक्सर बंद पडलाय, तो तर बघत नाही."

"बघतो गं. बघतो."

पूजा झाली आणि भावाचा फोन आला. तो तळावर खाली उतरला होता. आवाज थकलेला. मी स्पीकर चालू केला, सरांना नमस्कार सांगेल म्हणून. त्याने नमस्कार सांगितला, आणि मग म्हणाला, "ताई, वरती आमचा डबा बंद पडलाय. आमची पोरं तिथेच आहेत, बर्फाने रस्ता बंद. साध्या वायरलेसवर जेमतेम दोन शब्द जातात, तेही कुणीही ऐकावेत असे. खाली आणून, परत पाठवून, दुरुस्त होऊन यायला किती दिवस लागतील देव जाणे. सर आहेत ना तिथे? त्यांना विचार, उघडून काही करता येईल का? आमच्यातला एक जण हुशार आहे."

सर पाटासमोरच बसले होते. हातात तांब्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच राहिला.

"त्याला सांग, हात लावू नका," ते हळू म्हणाले. "सील गेलं तर त्या पोरावर येईल."

"सर, पण मग ती पोरं बोलणार कशी?" फोनमधून भावाने विचारलं. त्याला ऐकू गेलं होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. झेंडूच्या पाकळ्या पाटावरून खाली पडल्या होत्या आणि सर त्या एक एक उचलून परत ठेवत होते.

"बॅटरी अंगाच्या उबेला ठेवायला सांग," ते अखेर म्हणाले. "कधी कधी त्याने चालू होतं."

"ते करून बघितलं सर," भाऊ म्हणाला.

सरांनी मान हलवली आणि पुन्हा पाकळ्या वेचू लागले. फोन चालूच होता. भाऊ तिकडे वाट बघत होता.